अप्पांकडचं शिळं

३ नोव्हेंबर, सोमवार

आणि वरून पोरगी मलाच शिकवते, "आई, वास नको घेऊ, चव घे." व्हय बाई. नाक काढून खुंटीला लावते आणि मग घेते चव. फ्रिज उघडला की वाटतं, आत कुणी कोबी पुरून ठेवलाय आणि आता त्याला राग आलाय. दुधाला तोच वास, लोण्याला तोच वास, सकाळचा चहा म्हणजे कोबीचा काढा. आमच्या ह्यांना काहीच कळलं नाय, वर आणखी अर्धा कप मागितला. ह्यांचं नाव कारभारी. घरातला ह्यांचा कारभार म्हणजे चहा पिऊन कप जिथल्या तिथं ठेवणं. सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात डिझेल हुंगत गेली, त्यांना कोबी काय आणि गुलाब काय.

हे सगळं आमच्या अंबिकेच्या नोकरीनं घरात आणलं. बिडकीनच्या बाजूला कोरियावाल्यांची कंपनी आहे, तिथं पोरगी दुभाषी आहे. साहेब एक बोलतो, कामगार दुसरं बोलतात, ही दोघांच्या मधी उभी राहून पगार घेते. मोबाईलवर तिकडच्या मालिका बघून बघून भाषेची गोडी लागली, मग क्लास लावला. मी ओरडायचे, डोळे जातील म्हणून. डोळे गेले नाय, नोकरी आली, हे मी कबूल करते. पण नोकरीवरून माणसानं पगार आणावा. ही डबे आणते. कोरियाचं खाणं, उरलेलं. लाल चिखलात काहीतरी, पांढऱ्या दोऱ्यांत काहीतरी, आणि तो कोबी.

"कोण देतं गं हे?" म्हणून विचारायला गेले तर फोनवर गुलूगुलू चालू होतं. "हो ओप्पा, आणलं घरी. खाते ओप्पा." मला बघितलं आणि फोन असा ठेवला जणू तव्यावरून हात उचलला.

"कोण हे अप्पा?"

"अप्पा नाही, आई. ओप्पा."

"तेच ते. कोण आहेत?"

"ते... साहेबांच्या गेस्ट हाउसचं जेवणाखाण्याचं बघतात. उरलं की देतात."

मी हापिस म्हटलं की हसते आणि स्वतः अप्पाला ओप्पा म्हणते. शहरात पोरींची जीभ कुठं वळंल सांगता येत नाय.

ही वही डॉक्टरीणबाईंमुळं. बीपी बघून म्हणाल्या, बोलणं कमी करा, राग आला की लिहून काढा. सातवी शिकलेल्या बाईला लेखिका करून सोडलं. ह्यांना आनंद झाला, वही स्वतः जाऊन आणली. एरवी ह्या माणसाला कोथिंबीर आणायला सांगावं तर पालक आणतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

कालचा डबा म्हणजे तांदळाच्या पिठाच्या नळ्या. बोटाएवढ्या, लाल रश्शात. रातभर फ्रिजमधी राहून अशा कडक झाल्या की वर्कशॉपात नेऊन एखाद्या बसला बसवाव्यात. अंबिका म्हणे, फेकून दे.

तांदूळ फेकू? आपल्या घरात भाकरी शिळी झाली तर कुस्करा होतो, भात उरला तर फोडणीत जातो, आणि ह्या परदेशी नळ्यांचा एवढा काय तोरा?

धुतल्या, फडक्यावर टिपल्या आणि कुरडईसारख्या तळाव्या म्हणून तेलात सोडल्या. थोडा वेळ गुमान पडून होत्या. मग एक फुगली. मी म्हटलं वा, फुलायली. तेवढ्यात फाट! मग दुसरी, मग तिसरी. तेल छताला, तेल माझ्या मनगटाला, एक नळी उडून थेट देवाच्या फोटोमागं.

बाहेरच्या खोलीतून हे विचारतात, "काय फुटायलंय?"

"नशीब," म्हटलं. "बसा तुम्ही टीव्ही बघत."

कढईत जेवढ्या वाचल्या तेवढ्या ह्यांच्या पुढं आदळल्या. मीठ भुरभुरून खाल्ल्या आणि म्हणतात कसे, "बऱ्या आहेत की. आणखी नाय का?"

छताकडं बोट दाखवलं.

डबा मात्र घासून लखलखीत केला. अंबिका म्हणते, "आई, तो परत द्यायचा नसतो. तो फेकायचाच असतो."

"असलं घट्ट झाकण फेकायचं? आणि दुसऱ्याचा डबा आपल्या घरातून रिकामा गेलाय कधी?"

शेंगदाण्याची चटणी भरून दिली अप्पांना. त्यांच्या दातांचं काय माहीत, म्हणून बारीक कुटली, पार लोण्यासारखी. अंबिका त्या चटणीकडं बघून हसायला लागली ती न्हाणीघरात जाऊन हसली. म्हाताऱ्या माणसाची काळजी घेतली तर ह्यात हसण्यासारखं काय आहे? उद्या आपलेही दात जाणारच आहेत.

८ नोव्हेंबर, शनिवार

माझा भाऊ पुंजाराम स्थळ घेऊन आला. सिल्लोडचं. कापसाचा आणि मक्याचा व्यापार, दारात दोन गाड्या, पोराचं नाव सुदर्शन. एक बहीण, तीही कॉलेजात, म्हणजे नणंदेचा जाच नाय. पोराची आई चतुराबाई सगळं घर सांभाळते. पुंजाराम फोटो दाखवत होता आणि मी पोरापेक्षा मागचं घर बघत होते. संगमरवर होता.

"फक्त एक आहे, ताई," पुंजाराम म्हणाला. "पोरीनं नोकरी करू नये, असं त्यांचं म्हणणं."

"का? सिल्लोडात कोरियाचे साहेब नाहीत म्हणून?"

"तू सुरू होऊ नको. घरचं बघायला माणूस नाय त्यांच्याकडं."

बरोबर आहे. संगमरवर पुसायला माणूस लागतो.

तरी मला स्थळ आवडलं. खोटं कशाला लिहू. जवळ आहे, आपली माणसं आहेत, पोरगी सुखानं राहील. अंबिकेला सांगितलं तर म्हणाली, "बघू."

बघू म्हणजे नाय. हे मला कळतं. माझ्या वेळेला कुणी विचारलं असतं तर मीपण बघूच म्हणाले असते. विचारलंच नाय कुणी, त्यामुळं शब्द तसाच राहिला माझ्याकडं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काल रात्री अप्पांचा डबा आला. उरलेलं म्हणून आलेला डबा हाताला चांगला गरम लागला. झाकण उघडलं तर नळ्या कशा ओळीत निजलेल्या, वर तीळ भुरभुरलेले, कुणी चमचा घातल्याची खूण नाय. कोबी वेगळ्या डबीत. म्हणजे म्हातारा आजकाल जेवतच नाय. घरी बायको नसावी. नुसतं मागवायचं आणि बघत बसायचं, मग आमच्या पोरीच्या हातात द्यायचं. वाईट वाटलं.

अंबिका म्हणाली, "गरम आहे तोवर खाऊन घेऊ."

मी हात लावू दिला नाय. ताज्याचं नवं काय करायचं असतं? आधी फ्रिजमधी टाकून रीतसर शिळं केलं.

आज सकाळी डोकं लावलं. ह्या नळ्यांना तेल सोसत नाय, म्हणजे पाणी सोसत असणार. गोडूस लाल चिखल अर्धा धुऊन काढला. नळ्या कोमट पाण्यात घालून ठेवल्या तर हळूहळू नरम पडल्या, एखाद्या रुसलेल्या बाईसारख्या. कोबी पिळून बारीक चिरला आणि लसणाच्या फोडणीत टाकला. तेलात पडल्यावर त्याची घमेंड उतरली. वास गेला आणि नुसता आंबटपणा राहिला, तोही कामाचा. मग डब्यातलं येसर काढलं. लग्नाच्या पंगतीला आपण जी आमटी करतो ना, तिचं पीठ. धान्यं, डाळी, मसाले भाजून दळलेलं. पाण्यात कालवून ओतलं, उकळी आली, घट्ट व्हायला लागलं, तेव्हा नळ्या सोडल्या.

उभ्या उभ्या एक खाल्ली. मग दुसरी. वाईट नाय. चांगलं म्हणणार नाय मी, पोरीच्या डोक्यात जाईल.

अप्पांसाठी वेगळी काढली. पाणी वाढवून, तिखट बेतानं. वय झालेल्या पोटाला जाळ कशाला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अप्पांचा निरोप आला. म्हणे आमटी लई भारी, पण पाणी जास्त झालं, आणि तिखट कुठं गेलं?

म्हातारा खमका निघाला. मला बरं वाटलं. आमच्या घरात खाऊन कुणी काही बोलतच नाय. ह्यांना विचारलं, कसं झालंय, तर म्हणतात, "संपलंय."

आणखी एक गोष्ट आज ध्यानात आली. अंबिका गाडीवर हेल्मेट घालायली. मी वरसभर सांगून दमले, केस खराब होतात म्हणायची. काल म्हणाली, "ओप्पा ओरडले." म्हणजे त्यांचं ऐकते. आई ओरडली तर बीपी वाढतं, अप्पा ओरडले तर हेल्मेट चढतं.

ह्यांना म्हटलं, "माणूस दिसतोय वजनदार. पोरीला वळण लावायलेत."

ह्यांना खोकला आला. हल्ली अप्पांचं नाव काढलं की ह्यांना खोकला येतो. थंडी सुरू झाली, मफलर घाला म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

शहागंजला गेले मसाल्याला. येसर संपत आलं होतं आणि ह्या वेळेला जाळाचं करायचं ठरवलं होतं. मिरची चोळून बघितली, वास घेतला, परत ठेवली, दुसरी घेतली. दुकानदार वैतागला. "खालाजान, लेने का है तो लेओ, नक्को तो मिर्ची को नजर मत लगाओ."

"नजर नाय लावत. तुझी मिरची जुनी आहे का ते बघते."

"जुनी तो हमारी उम्र हो गई, मिर्ची ताजी है."

घेतली. मिरची खरंच चांगली निघाली. भाजताना शेजारची दारं पटापट लागली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सिल्लोडवाले रविवारी बघायला येणार. पुंजारामनं तारीख दिली, मी घेतली, ह्यांनी मान हलवली. अंबिकेला सांगितलं. ताट तसंच ठेवून उठली, मग परत आली आणि म्हणाली, "आई, मला थोडा वेळ दे ना."

"कशाला वेळ? काय बघायचंय?"

"तू माझ्याशी भांडू नकोस, एवढ्यापुरता वेळ."

म्हणजे भांडण ठरलेलंच आहे, फक्त मुहूर्त काढायचाय. मी विचारलं, दुसरं कुणी आहे का मनात? तर म्हणाली, "तू आधी पाणी पी." ह्याला काय उत्तर म्हणायचं? मी प्यालेसुद्धा.

विचार करून करून एकच माणूस डोळ्यापुढं आला. पोरगी कुणाचं ऐकते? अप्पांचं. वडील माणूस, जग बघितलेला, दोन शब्द समजुतीचे बोलतील. सिल्लोडवाल्यांच्या पुढंही आपल्या बाजूनं कुणीतरी बोलणारा पाहिजे. ह्यांना बसवलं तर ते पाहुण्यांना गाडीचा ॲव्हरेज विचारत बसतील.

अंबिकेला सांगितलं असतं तर तिनं निरोप दिलाच नसता. म्हणून चिठ्ठी लिहिली आणि आमटीच्या डब्याखाली, पिशवीच्या तळाला ठेवली. लिहिलं ते असं:

"अप्पांना नमस्कार. रविवारी सकाळी घरी या. अंबिकेच्या लग्नाचं बोलायचं आहे. तुमच्याशिवाय ठरायचं नाही. जेवायलाच या. अंबिकेची आई."

स्वच्छ अक्षरात लिहिली. दोनदा वाचून बघितली, काही चुकलं नाय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

डबा परत आला. आत पेढे. आणि चिठ्ठीवर उत्तर, "नक्की येतो. मनापासून आभार. तुम्ही एवढं मोठं मन दाखवाल असं वाटलं नव्हतं."

जेवायला बोलावलं त्यात मोठं मन कसलं? जुन्या लोकांचं बोलणंच निराळं. अक्षर मात्र थरथरलेलं नाय, चांगलं ठाशीव आहे. ह्यांना उत्तर दाखवलं तर खोकता खोकता खुर्चीवरून पडायचे राहिले. खोकल्याचं औषध आणलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सिल्लोडवाले वेळेवर आले. चतुराबाई, सुदर्शन, त्याची बहीण हिमानी आणि पुंजाराम. चतुराबाईंनी दारातूनच घर मोजलं. मी पण त्यांच्या बांगड्या मोजल्या, फिटंफाट. पोहे झाले, चहा झाला. अंबिका आली, बसली, नाव सांगितलं. पोरगा तसा साधा वाटला. मान खाली घालून मोबाईल बघत होता. मक्याचा भाव उतरला म्हणाला. एवढंच बोलला.

चतुराबाईंनी विचारलं, "स्वयंपाक येतो ना पोरीला?"

"नाय," म्हटलं. "कोरियन येतं."

"मग आमच्याकडं काय मक्याशी कोरियन बोलणार?"

त्या हसल्या. पुंजाराम हसला. हेपण थोडे हसले, मग माझ्याकडं बघून थांबले. गंमत म्हणूनच बोलल्या असतील. पण माझ्या छातीत काहीतरी कडकन मोडलं. मी स्वतः त्या भाषेला काय काय बोलले नाय? चिनी कावळे म्हणाले. पण मी आई आहे. मला बोलता येतं.

जेवणं वाढली. अप्पांसाठी नळ्यांची आमटी वेगळ्या पातेल्यात झाकून ठेवली होती, जाळाची. चतुराबाईंना वास लागला. "ते काय आहे झाकलेलं?" वाढलं थोडं. त्यांनी भाकरी चुरली, खाल्लं, परत मागितलं. नाकाला पाणी आलं तरी मागितलं. "छान आहे हो. कसलं आहे हे?"

"शिळ्या नळ्यांचं."

"शिळ्या?"

"परवाच्या. गेस्ट हाउसातल्या. उरलेल्या."

पुंजारामनं कपाळावर हात मारला. चतुराबाईंचा घास हातातच राहिला. ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मग गुपचूप खाल्ला. तेवढं मात्र मी मानलं.

तेवढ्यात दार वाजलं. अप्पा आले म्हणून मी पदर सावरून गेले. दारात एक पोरगा. हातात हेल्मेट, इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसाला पाणी लावून बसवलेले, बरोबर फळांची पिशवी.

अप्पांबरोबर आलेलं पोरगं असंल म्हणून म्हटलं, "आण ते इकडं. आणि अप्पा कुठायत? गाडी लावायलेत का?"

"मीच, काकू."

"मीच काय?"

"ओप्पा. म्हणजे गोकुळ. तुमची चिठ्ठी मिळाली."

मागं काहीतरी खणखणलं. अंबिकेच्या हातातलं पाण्याचं तांब्याभांडं. ह्यांना खोकला आला नाय. आजच नेमका आला नाय.

चतुराबाई म्हणाल्या, "हे कोण?"

माझ्या डोक्यात एक पांढऱ्या मिशांचा माणूस होता आणि दारात हा. तेव्हा ती हिमानी, सुदर्शनची बहीण, पटकन बोलली, "अगं आई, कोरियात मोठ्या भावाला ओप्पा म्हणतात." आणि अंबिकेकडं असं बघितलं, जणू तिच्या हातात काहीतरी दडवून दिलं.

भाऊ! माझा जीव असा भांड्यात पडला की आवाज आला असेल. "व्हय व्हय," मी म्हटलं, "मानलेला भाऊ आहे आमच्या अंबिकेचा. कंपनीतला. या, बसा गोकुळ, तुमचीच वाट बघायलो होतो."

त्या पोराचं तोंड असं झालं जणू उकळत्या फोडणीत तांब्याभर पाणी ओतलं. बसला मात्र. ताट वाढलं. खाली मान घालून जेवला. आमटी दोनदा घेतली, तिखट कुठं गेलं असं मात्र विचारलं नाय.

चतुराबाई त्यालाच म्हणाल्या, "तुम्ही भाऊ ना? मग समजावा बहिणीला. आमच्याकडं कशाची कमी नाय. नोकरीचा हट्ट सोडावा."

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "नोकरी तिनं सोडू नये, काकू."

"का हो?"

"मागच्या महिन्यात एका मशीनवर काम करणाऱ्याला साहेब ओरडून सांगत होता, हात काढ, हात काढ. त्याला वाटलं, साहेब रागावलाय, म्हणून तो जास्तच जोरानं काम करायला लागला. ही धावत आली म्हणून त्याचा हात वाचला. ती नसली तर तिथं दोन्हीकडची माणसं मुकी होतात."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. पोरीनं घरी सांगितलीच नाय. मी डब्याचा वास कुठून येतो तेवढंच विचारत बसले होते.

चतुराबाईंनी हात धुतले. "बरोबर असेल तुमचं. पण आम्हाला घरात माणूस पाहिजे. पुढच्या रविवारी कळवा. नोकरी की घर, एकच सांगा." गेल्या. जाताना हिमानीनं अंबिकेचा हात दाबला. पोरगी चांगली आहे. सुदर्शनपेक्षा तीच येत असती तर मी हो म्हटलं असतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी ह्यांना म्हटलं, "पोरगं बरं आहे हो. मानलेला भाऊ असावा तर असा. स्पष्ट बोलला."

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. उचलून ओट्यावर नेऊन ठेवला. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की काहीतरी भयंकर आहे.

"सुरेखा, ओप्पा भावाला म्हणतात हे खरं आहे."

"मग?"

"आणि त्यालापण म्हणतात."

"कुणाला?"

"त्याला गं."

"त्याला म्हणजे?"

"आता शब्द कसा काढू तोंडातून? पोरगी ज्याच्याशी लग्न करायचं म्हणते, त्याला."

मी खाली बसले. "भावालाही तेच आणि त्यालाही तेच? त्या देशात लग्नं लागतात तरी कशी?"

"का? तू मला अहो म्हणतेस आणि बँकेतल्या साहेबालाही अहो म्हणतेस. कुणाचा काही घोटाळा झालाय का?"

एवढ्या वरसांत हा माणूस पहिल्यांदा काहीतरी कामाचं बोलला. मग विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत? तर म्हणे, दिवाळीच्या आधीपासून. पोरगा स्वतः येऊन भेटला होता. चहा पाजला म्हणे त्याला. मला नाय सांगितलं, कारण बीपी.

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत, छतावरच्या तेलाच्या डागाला माहीत, फक्त मी बत्तीस दातांच्या घोड्यासाठी चटणी लोण्यासारखी कुटत बसले होते! त्याच्या पोटाला जाळ नको म्हणून आमटीत पाणी घालत होते! आणि चिठ्ठी! "तुमच्याशिवाय ठरायचं नाही." आता कळलं मोठं मन कुठून आलं. त्यानं चिठ्ठीला होकार समजून पेढे पाठवले आणि मी ते खाल्ले. दोन खाल्ले.

अंबिका समोर आली. "आई, मी सांगणारच होते."

"कधी? बारशाला?"

"तूच त्याला बोलावलंस. त्यानं चिठ्ठी दाखवली तेव्हा मला वाटलं तुला कळलं, तू कबूल केलंस, सिल्लोडवाल्यांना आता तूच नाही म्हणशील. मी रातभर झोपले नव्हते आनंदानं. आणि मग तू सगळ्यांपुढं त्याला भाऊ केलंस."

हे ऐकून मी दुसऱ्या खोलीत गेले. रागानं गेले. दुसरं काही नाय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

काल लिहिलं नाय. काल नुसतीच भांडी घासली, घासलेलीसुद्धा.

सिल्लोडचं घर चांगलं आहे. ह्यात मला शंका नाय. तिथं पोरीला कशाची कमी पडणार नाय, आणि तिला कुणी हाकही मारणार नाय, अगं ये, साहेब काय म्हणतोय सांग. इकडं हा गोकुळ. बिडकीनचा. गेस्ट हाउसच्या किचनमधी आचारी, म्हणजे पुरुष असून दिवसभर चुलीपाशी, माझ्या माहेरात हे ऐकलं तर आठ दिवस हसतील. घरी एकटी आई, मनकर्णाबाई नाव. बिडकीनला माझी चुलतबहीण आहे, तिला सहज फोन केला. सहजच. मला काही ठरवायचं नव्हतं. म्हणाली, बाई तोंडाची तिखट आहे, पण पोराला वळण चांगलं लावलंय, ताट उचलून ठेवतो. मी म्हटलं मला काय करायचंय, आणि अर्धा तास बोलले.

ह्यांना विचारलं, तुमचं काय म्हणणं? तर म्हणाले, "मी काय सांगू? कारभार तुझा." चला, नाव तरी माझ्याकडं आलं.

संध्याकाळी अंबिकेकडून नंबर घेतला आणि गोकुळला फोन लावला. तिला समोर बसवून, आवाज मोठा करून. म्हणाला, "बोला काकू." आवाज कापत होता. कापू दे.

जे बोलले ते इथं लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की मी असं बोललेच नव्हते.

म्हटलं, गोकुळ, मी तुला अजून हो म्हटलेलं नाय. चिठ्ठी अप्पांना होती, तुला नव्हती. रविवारी तुला सगळ्यांपुढं भाऊ म्हटलं आणि तू आमटी ओरपत गप्प बसलास. एक शब्द बोलला असतास, काकू, मी भाऊ नाय, तर मी तिथंच तुला दाराबाहेर काढलं असतं, पण तुझी किंमत वाढली असती. आता दुसरं ऐक. नोकरी सोडू नये म्हणालास. चांगलं बोललास. पण ते सिल्लोडच्या घराबद्दल बोललास. लोकांच्या घरात सूट द्यायला काय जातं? तुझ्या घरात काय? सणावाराला, पाहुणेरावळे आले, तुझी आई आजारी पडली, लेकरू झालं, तेव्हा नोकरी कोण सोडणार, ती का तू? तुझं मत नकोय मला, तू तर आत्ता काहीही कबूल करशील. आईला विचार. तिच्या तोंडून मला ऐकायचंय. सिल्लोडवाल्यांना रविवारी कळवायचंय, आणि मी कुणाला टांगून ठेवणारी बाई नाय. आईला घेऊन शुक्रवारी ये, दिवेलागणीच्या आत, आणि उत्तर एका शब्दात आण. बघू असं म्हणायचं नाय. बोल, शुक्रवारी येतोस का नाय?